नदीपासून घर किती दूर आणि किती उंच?

समजा, तुमच्या मामाजींनी गोंदिया तालुक्यात वैनगंगेच्या काठी घरासाठी एक प्लॉट घेतला आहे. उन्हाळ्याची सुट्टी आहे, नदीची धार पार पलीकडच्या काठाला लागलेली आहे आणि अलीकडे नुसती वाळूच वाळू पसरली आहे. वाळूत टरबुजांच्या वाड्या लागल्या आहेत. मामाजी अभिमानाने म्हणतात, "पाहा, नदी किती लांब आहे! उगीच लोक भीती घालतात." तुम्ही टेप धरता, काठापासून अंतर मोजता. ते भरते २० मीटर. नियमात तर १५ मीटर पुरे आहेत, असे कोणीतरी मामाजींना सांगितलेले असते. मग घर बांधायला हरकत ती काय?

हरकत आहे की नाही, हे टेपवरून कळत नाही. ते का कळत नाही आणि मग कशाने कळते, हे आज आपण पाहू या.

आधी तो १५ मीटरचा नियम पाहू. महाराष्ट्रात मुंबई आणि आणखी थोडी ठिकाणे सोडली, तर डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकच एकत्रित नियमावली लागू आहे. नदीच्या पाण्याच्या कडेपासून १५ मीटरच्या आतील जागा इमारतीसाठी वापरू नये, असे ती सांगते. नाल्यासाठी हे अंतर याहून कमी आहे. हा नियम उगाच केलेला नाही. नदी वळण घेते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आदळते आणि तो काठ खालून पोखरला जातो. वरून ढासळून ढेकळे पडतात. आतल्या बाजूला मात्र पाण्याचा वेग मंद असतो. तेथे नदी वाळू आणि गाळ टाकत जाते. तुमच्या गावाजवळच्या कोणत्याही नदीच्या वळणावर उभे राहा, एक काठ उभा आणि दुसरा उतरता दिसेल. उभ्या काठाशी घर बांधले, तर ते पाणी न शिरताही कोसळू शकते. १५ मीटरचे अंतर मुख्यतः या कापण्यापासून थोडे संरक्षण देते. शिवाय काठाने माणसांना, गुरांना आणि पुराच्या वेळी मदत घेऊन येणाऱ्यांना वाट राहते.

पण नदी नुसती कापत नाही, ती चढतेही. आणि चढणाऱ्या पाण्याला टेपची भाषा समजत नाही!

जरा हिशेब करू. समजा, नदीचा काठ पात्रापासून ४ मीटर उभा आहे आणि काठावरून गावाकडे जाताना जमीन दर ३०० मीटरला १ मीटर चढते. धानाच्या बांध्या असलेल्या सपाट मुलखात एवढा मंद चढ असणे नवलाचे नाही. चालताना तो पायाला जाणवतही नाही. अशा जमिनीवर काठापासून १५ मीटर आत आलात, तर उंची किती वाढली? १५ भागिले ३००, म्हणजे ५ सेंटिमीटर. चार बोटांच्या रुंदीपेक्षाही कमी! आता पुराचे पाणी काठावरून फक्त १ मीटर वर आले तर ते ३०० मीटरपर्यंत पसरेल. मामाजींच्या २० मीटरवरच्या घरात ते कमरेपर्यंत पोहोचेल. याउलट काठाची जमीन दर १० मीटरला १ मीटर चढत असती, तर हेच पाणी १० मीटरवर थांबले असते. नदी तीच आणि पूरही तोच, तरी एकीकडे १५ मीटर पुरून उरतात आणि दुसरीकडे २०० मीटरही पुरत नाहीत.

म्हणून नदीकाठच्या जागेला दोन प्रश्न विचारावे लागतात. किती दूर? आणि किती उंच? पहिल्याचे उत्तर टेप देते. दुसऱ्याचे उत्तर देणारे साधन प्रत्येक गवंड्याच्या पिशवीत असते. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

दुसऱ्या प्रश्नासाठी महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने (आता त्याला जलसंपदा विभाग म्हणतात) सप्टेंबर १९८९ मध्ये एक परिपत्रक काढले. नदीच्या दोन्ही काठांवर नकाशात दोन रेषा आखाव्यात, असे त्यात सांगितले आहे. आतली निळी आणि बाहेरची लाल. सरासरी २५ वर्षांतून एकदा येतो एवढा पूर जेथवर पोहोचतो, ती निळी पूररेषा. ती ठरवताना नदीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट विसर्गाचाही विचार केला जातो. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर जाईल, ती लाल पूररेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग म्हणजे निषेधक क्षेत्र. येथे घर नाही. बाग, मोकळे मैदान, वाहने उभी करण्याची जागा, भाजीबाजाराचे उघडे ओटे, स्मशानभूमी अशा गोष्टी चालतात, कारण पाणी आले तरी त्या वाहून जाणारा संसार नाहीत. निळी आणि लाल यांच्यामधला भाग म्हणजे नियंत्रित क्षेत्र. तेथे घर बांधता येते, पण एका अटीवर. लाल रेषेची जी पाणीपातळी असेल, तिच्यापेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण गुडघ्याइतके, उंच बांधकाम हवे.

तुमच्या लक्षात आले का, या अटीत काठापासूनच्या मीटरांचा उल्लेखच नाही! नकाशावर या रेषा वेड्यावाकड्या दिसतात, कोठे काठाला चिकटलेल्या, तर कोठे दोन-दोन शेते ओलांडून गेलेल्या. टेप धरून आखली असती, तर रेषा नदीला समांतर गेली असती. ही रेषा जमिनीच्या उंचसखलपणाबरोबर वळते.

आता कोणी विचारेल, २५ वर्षांचा पूर म्हणजे काय? या वर्षी आला, तर पुढची २५ वर्षे निर्धास्त? मोठी माणसेही येथे फसतात. एक खेळ करून पाहा. मडक्यात २५ चिठ्ठ्या टाका. २४ कोऱ्या आणि एक निळी. डोळे मिटून एक चिठ्ठी काढा, पाहा, परत टाका आणि मडके हलवा. हे झाले एक वर्ष. मडक्याला आठवण नसते. गेल्या खेपेला निळी निघाली म्हणून या खेपेला ती निघणार नाही, असे काही नाही. दर वर्षी शक्यता २५ मध्ये १, म्हणजे शेकडा ४.

आता घराचे आयुष्य ५० वर्षे धरा. एका वर्षी निळी न निघण्याची शक्यता ०.९६. सलग ५० वर्षे न निघण्याची शक्यता म्हणजे ०.९६ चा ५० वेळा गुणाकार. तो येतो सुमारे ०.१३. म्हणजे ५० वर्षांत निळ्या रेषेएवढा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शेकडा ८७! लाल रेषेसाठी मडक्यात १०० चिठ्ठ्या घ्या. तरीसुद्धा ५० वर्षांत शक्यता शेकडा ४० च्या जवळ जाते. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकायला किती लांबचे वाटतात! प्रत्यक्षात जवळजवळ नाणेफेकच झाली ही.

हा २५ वर्षांचा पूर शोधतात कसा? नदीवर ठरावीक ठिकाणी पाण्याची पातळी आणि विसर्ग नियमित मोजतात. केंद्रीय जल आयोगाची अशी केंद्रे वैनगंगेच्या खोऱ्यात आहेत. वाघ नदीवर रजेगावचे केंद्र आहे, वैनगंगेवर वरच्या अंगाला बालाघाट जिल्ह्यात कुम्हारीचे आणि खाली गडचिरोली जिल्ह्यात आष्टीचे. प्रत्येक वर्षातील सर्वांत मोठा विसर्ग निवडतात आणि हे आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत लावतात. समजा, ४९ वर्षांचे आकडे आहेत. ४९ मध्ये १ मिळवा, झाले ५०. या ५० ला रांगेतल्या क्रमांकाने भागा. पहिल्या क्रमांकाचा पूर ५० वर्षांतून एकदा येणारा, दुसऱ्या क्रमांकाचा २५ वर्षांतून एकदा येणारा. सोपे आहे ना? पण १०० वर्षांच्या पुरासाठी ४९ वर्षांची रांग तोकडी पडते. तेथे एमिल गुंबेल या गणितज्ञाने मोठ्या, विरळा घडणाऱ्या घटनांसाठी बसवलेल्या गणितासारख्या पद्धती वापरून रांग कागदावर पुढे वाढवावी लागते. मग तेवढे पाणी पात्रातून वाहताना कोणत्या उंचीला पोहोचेल, हे नदीचे आडवे छेद मोजून काढतात. म्हणजे पूररेषा हा एक अंदाज आहे. काळजीपूर्वक केलेला, तरी अंदाजच. नवे आकडे आले की ती सरकू शकते.

गोंदिया जिल्ह्यात हे सगळे कागदावरचे गणित राहिलेले नाही. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट जिल्ह्यातून येते आणि गोंदियाच्या उत्तर सीमेवरून वाहते. वाघ नदी तिला येथेच मिळते. वरच्या अंगाला सिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर संजय सरोवराचे धरण आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या मुलखात जबरदस्त पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा फुगली. गोंदिया व तिरोडा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत आणि शेतांत पाणी शिरले. पुढे भंडारा शहराच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले आणि गडचिरोलीपर्यंत पूर पसरला. यात शिकण्यासारखी एक गोष्ट अशी की, तुमच्या अंगणात पडणाऱ्या पावसावरून तुमच्या नदीचा पूर ठरत नाही. तो ठरतो शेकडो किलोमीटर वरच्या पावसावर.

भिंतीवर पाण्याचा भार किती पडतो, हेही पाहू. घराबाहेर १ मीटर पाणी उभे आहे आणि आत पाणी नाही, तर भिंतीच्या दर १ मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा येतो. पाणी २ मीटर झाले, तर दुप्पट नव्हे, चौपट! हे झाले उभ्या पाण्याचे. वाहत्या पाण्याचा मारा निराळाच. त्यात आपल्याकडची कितीतरी जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि कवेलूंच्या छपरांची. मातीची भिंत पाण्यात उभी राहिली की तिचा पाया विरघळू लागतो. पूर ओसरल्यावर, चांगले ऊन पडल्यावर भिंत पडली, असे पुष्कळदा होते ते यामुळेच. पूर उतरताच घरात झोपायला जाऊ नका, असे जाणते लोक सांगतात त्यात शहाणपण आहे.

आता मामाजींचा खरा प्रश्न. ते म्हणतील, "माझ्यापुरती थोडी सूट द्या ना! एका घराने नदीचे काय बिघडते?"

सूट अगदीच नसते असे नाही. निळ्या रेषेच्या आत पूर्वीपासून कायदेशीर असलेले घर जुने झाले आणि पुन्हा बांधायचे असेल, तर जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला घेऊन ते बांधता येते. पण तेथेही लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ही अट आहेच. म्हणजे सूट अंतरात मिळते, उंचीत नाही. मला हा विचार बरोबर वाटतो. नदीकाठी जुनी गावे आहेत, ढिवर समाजाची घरे आहेत. डोंगा, जाळे आणि मासळी यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांना तुम्ही उठून २ किलोमीटर आत जा असे सांगणे म्हणजे रोज जाळे खांद्यावर घेऊन तेवढे चाला असे सांगणे. नकाशावर रेषा ओढणे सोपे, पण तिच्या आत राहणाऱ्याला दुसरी जागा देणे अवघड. कोकणात जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये निळ्या-लाल रेषांवरून मोठा वाद झाला, तो याचमुळे. शहराचा बराचसा भागच रेषांच्या आत आला, तर लोकांनी घरदार कोठे हलवायचे?

पण एका घराने काय बिघडते, याचेही उत्तर गणितात आहे. पूर येतो तेव्हा काठावरची सपाट जमीन हीच नदीचे पात्र होते. तिला पूरमैदान म्हणतात. समजा, पूर ४०० मीटर रुंद पसरला आहे आणि सरासरी ३ मीटर खोल वाहतो आहे. आता एका काठाने लांबवर भराव टाकून १०० मीटर रुंदी अडवली. पाणी तेवढेच, वाट मात्र ३०० मीटरची. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ साली मांडलेल्या सूत्राने हिशेब केला, तर खोली ३ मीटरची सुमारे साडेतीन मीटर होते. अर्धा मीटरभर वाढ! आणि लाल रेषेच्या वर आपण ठेवलेली उंची किती? ०.४५ मीटर. म्हणजे नियम पाळून उंच जोत्यावर बांधलेले शेजाऱ्याचे घर, इतरांच्या भरावामुळे पाण्यात जाते. एका घराने ही वाढ केसभरही दिसणार नाही, हे मामाजींचे म्हणणे खरे आहे. पण त्यांच्यानंतर सूट मागणारा दुसराही हेच म्हणतो, आणि चाळिसावाही हेच म्हणतो.

अमेरिकेत ही अडचण ओळखून नदीकाठचे दोन भाग पाडले आहेत. मुख्य प्रवाहाचा जो पट्टा आहे त्यात पुराची पातळी जराही वाढवणारे बांधकाम चालत नाही. त्याच्या बाहेरची सगळी जमीन बांधून भरली, तरी १०० वर्षांच्या पुराची पातळी १ फुटापेक्षा जास्त वाढू नये, इतका रुंद हा पट्टा ठेवतात. म्हणजे पहिल्याला परवानगी देतानाच चाळिसाव्याचा हिशेब धरलेला असतो. नेदरलँड्समध्ये तर नायमेगन शहराजवळ वाल नदीचा बांधच ३५० मीटर मागे नेला. त्यासाठी सुमारे ५० घरे हलवावी लागली. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानांच्या विभागणीसाठी नमुना कायदा १९७५ सालीच राज्यांकडे पाठवला होता. तो फार थोड्या राज्यांनी स्वीकारला.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ लोक पूररेषेच्या आत मुरूम टाकून प्लॉट उंच करतात आणि काम झाले असे समजतात. वर सांगितलेला भराव तो हाच. घर उंच करायचेच, तर खांबांवर उचलणे बरे. पाण्याला खालून वाट राहते. पण मग खालची मोकळी जागा पुढे भिंती घालून दुकानाला द्यायची नाही, हे पथ्य पाळावे लागते, आणि ते फार थोडे लोक पाळतात.

आता गवंड्याच्या पिशवीतले ते साधन. ते म्हणजे १०-१५ मीटर लांबीची, बोटभर जाडीची पारदर्शक प्लास्टिकची नळी. तीत पाणी भरले आणि दोन्ही टोके वर धरली, की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीला थांबते, मग मधली नळी कशीही वाकडीतिकडी पडलेली असो. हिच्या मदतीने तुम्ही तुमच्या घराची पुरातली पातळी स्वतः मोजू शकता. हे काम उन्हाळ्यातच करा, नदीला पाणी कमी असताना, आणि सोबत घरचे मोठे माणूस हवेच.

आधी पुराची खूण शोधा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "आबाजी, २०२० साली पाणी कुठवर आलं होतं?" ते एखादी पायरी, देवळाचा ओटा, पिंपळाचे खोड दाखवतील. एकाच्या सांगण्यावर विसंबू नका. निदान तिघांना वेगवेगळे विचारा, कारण आठवणीतला पूर दर वर्षी थोडा वाढत असतो! जुन्या भिंतीवर गाळाची रेघ दिसली, तर ती सर्वांत चांगली साक्षीदार. मग नळीत पाणी भरा. हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर उत्तर चुकते. एकाने नळीचे टोक खुणेशी धरावे आणि दुसऱ्याने घराच्या दिशेने चालत जाऊन दुसरे टोक एका काठीला धरावे. पाणी स्थिर झाले की काठीवर खूण करा. आता ती काठी पहिली खूण समजून पुढे सरका. असे करत घरापर्यंत या आणि भिंतीवर खडूने रेघ मारा. रेघ जोत्याच्या खाली आली की वर? किती सेंटिमीटर? हे वहीत तारखेसह लिहा.

एक सावधगिरी मात्र घ्या. पुराचे पाणी स्वतःच उताराने वाहत असते. वरच्या गावातली पातळी खालच्या गावापेक्षा उंच असते. म्हणून खूण आणि घर यांना जोडणारी वाट शक्यतो नदीशी काटकोनात असावी. अर्धा किलोमीटर खालची खूण तुमच्या घराला लावली, तर तुम्हाला खोटाच धीर येईल. आणि तुमची रेघ ही २०२० च्या पुराची रेघ आहे. ती निळी नव्हे की लालही नव्हे. त्या दोन रेषा तुमच्या गावाजवळ आखल्या आहेत का, हे जलसंपदा विभागाच्या किंवा नगररचना कार्यालयाच्या नकाशावर पाहावे लागेल. सगळ्या नद्यांच्या सगळ्या काठांवर त्या अजून आखलेल्या नाहीत.

मामाजींच्या प्लॉटवर हा प्रयोग केलात, तर भिंत अजून उभी नसल्यामुळे एक लांब बांबू रोवा आणि त्यावर पुराच्या पातळीला लाल चिंधी बांधा. मग मामाजींना बांबूशेजारी उभे राहायला सांगा, चिंधी त्यांच्या गुडघ्याशी येते, छातीशी येते की डोक्यावर जाते ते पाहा आणि वहीत लिहून ठेवा.